लेक शाळेच्या नाटक मंडळाची प्रमुख झालीय. तिनं नेमकं काय करायचं?

डोंगरातली आई

नमस्कार मंडळी.

माझी मोठी लेक नववीत आहे. धारूर तालुक्यातली आमची शाळा, पाचवी ते दहावी, एका वर्गाला एकच तुकडी. मराठीच्या मॅडमनी तीन वर्षांखाली शाळेत नाटक मंडळ काढलं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की दीड तास तालीम. यंदा प्रमुख कोण हे मुलांनीच चिठ्ठ्या टाकून ठरवलं आणि जास्त चिठ्ठ्या लेकीच्या निघाल्या. मंडळात 23 लेकरं आहेत, त्यातल्या 14 मुली.

त्या दिवशी घरी आल्या आल्या तिनं नवीन वही काढली, पहिल्या पानावर 'प्रमुखाची कामं' असं लिहिलं आणि पुढं काही सुचेना म्हणून वही घेऊन चुलीपाशी आली. मला तरी काय सांगता येणार? आमच्या वेळी नाटक म्हणजे गॅदरिंगच्या आदल्या आठवड्यात सर सांगतील तिथं उभं राहायचं. म्हणून पहिला प्रश्न तुम्हाला विचारते. मॅडम असताना विद्यार्थी प्रमुखानं करायचं काय?

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. गॅदरिंग जानेवारीत असतं. नाटक पाऊण तासाचं, मॅडम आणि मुलांनी मिळून लिहिलेलं, विहिरीच्या पाण्यावरून दोन वस्त्यांत लागलेल्या भांडणाचं. त्यात म्हातारीची भूमिका सगळ्यात मोठी. वाचन झालं तेव्हा लेकीच्या वर्गातल्या एका मुलीनं ती म्हातारी अशी वाचली की शेजारच्या वर्गातले गणिताचे सर दारात येऊन उभे राहिले. पण तिचे आई-बाप कोयत्यावर, म्हणजे ऊस तोडायला, जातात. दिवाळीच्या आगेमागे टोळी निघाली की तीही जाते, पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, परत येते. मॅडम म्हणाल्या, "तू प्रमुख आहेस, तूच विचार कर." दोन दिवस झाले, लेकीला जेवण गोड लागंना.

आत्ताशी आषाढी झालीय, वेळ आहे. सांगा काहीतरी.

गोदाकाठ

लेकीचं मनापासून अभिनंदन! चिठ्ठ्या टाकून निवडून आली म्हणजे पोरांचा विश्वास आहे. नांदेडहून आशीर्वाद कळवा.

पडद्यामागे

ताई, मी परभणीचा. शाळेत दोन वर्षं हेच काम केलंय, आता गावातल्या पोरांची नाटकं बसवतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

शिक्षक नाटक बसवतात. प्रमुखानं नाटक सांभाळायचं असतं. आज तालमीला कोण आलं नाही आणि का आलं नाही हे त्याला ठाऊक पाहिजे. नुसती हजेरी मांडून भागत नाही. एखादं पोरगं दोन शनिवार दिसलं नाही तर तिसऱ्या शनिवारच्या आत त्याच्या घरी जाऊन यायचं. सोयाबीन काढायला गेलं असेल, आजारी असेल, नाहीतर कुणीतरी हसलं म्हणून रुसलं असेल. या तिन्हींवर इलाज वेगवेगळा आहे, आणि मास्तरांपेक्षा बरोबरीच्या पोराला तो लवकर कळतो.

तिच्या वहीत संहितेची एक प्रत चिकटवा. एका बाजूला संवाद, समोरचं पान कोरं. कोण कुठल्या विंगेतून येतो, कंदील कुणाच्या हातात, घागर कुठं ठेवलीय, सगळं पेन्सिलीनं लिहायचं. पेन्सिलीनंच, कारण दर शनिवारी बदलतं. ही वही जिच्याजवळ आहे तिला प्रयोगाच्या दिवशी कुणी हलवू शकत नाही.

आता माझं एक जुनं दुखणं सांगतो. दहावीत मी प्रमुख होतो आणि राजाची भूमिका मीच घेतली. माझ्या मित्राला ती माझ्यापेक्षा चांगली जमत होती, हे तालमीला बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं, मलाही. पण ठरवणारा मी होतो. मित्र काही बोलला नाही. त्यानं भालदाराचं काम केलं आणि पुन्हा कधी रंगमंचावर आला नाही. आम्ही अजून भेटतो, त्याच्या घरी जेवतो, पण हा विषय तीस वर्षांत निघालेला नाही. म्हणून लेकीला सांगा, पहिल्या वर्षी स्वतः भूमिका घेऊ नको. विंगेत वही घेऊन उभी राहा.

रोखठोक

दुसऱ्या प्रश्नावर स्पष्ट बोलतो, राग मानू नका. जी मुलगी जानेवारीत गावात नसणार हे आज माहीत आहे, तिला मुख्य भूमिका देणं म्हणजे बाकीच्या 22 लेकरांवर अन्याय आहे. नाटक ही सांघिक गोष्ट आहे. तिला लहान काम द्या, पडदा ओढायला सांगा, पण म्हातारी दुसरीला द्या. प्रमुख व्हायचं तर असे निर्णय घ्यावे लागतात. वाईट वाटणारच.

ज्वारीची भाकर

पडदा ओढायला तरी जानेवारीत ती कुठून येणार, दादा?

रोखठोक

बरोबर आहे, ते लक्षात आलं नाही. पण मूळ मुद्दा मी सोडत नाही.

तिसरी घंटा

मी संभाजीनगरच्या विद्यापीठातल्या नाट्यशास्त्र विभागात शिकले. 1973 साली तो सुरू झाला आणि तिथून मराठवाड्यातल्या कितीतरी गावांतली पोरं रंगभूमीवर आली. तिथं पहिल्याच वर्षी एक सवय लागते, ती इथं उपयोगी पडेल. महत्त्वाच्या भूमिकेला दोन जणी तयार करायच्या. दोघींनी पूर्ण पाठांतर करायचं, हालचालीही दोघींच्या बसवायच्या आणि तालमीत आलटून पालटून उभं राहायचं. एक आजारी पडली तरी प्रयोग थांबत नाही. दुसरीला 'बदली' म्हणायचं नाही, एवढं पथ्य मात्र पाळा. वहीत दोघींची नावं एका ओळीत लिहा.

आणि नाटक स्वतः लिहिलंय हे फार छान केलं. छापील नाटक घेतलं की लेखकाची लेखी परवानगी आणावी लागते, आणि पुढं राज्य बालनाट्य स्पर्धेत उतरायचं म्हटलं की नाटकाची संहिता तपासून मंजुरी देणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रही लागतं. मॅडमना सांगा, तुमची संहिता आत्तापासूनच स्वच्छ टाइप करून ठेवा.

गोदाकाठ

विषय निघालाच आहे तर सांगते, शाळांसाठी विज्ञान नाट्योत्सवही असतो. अर्ध्या तासाचं नाटक, तालुक्यापासून सुरू होतं आणि वरपर्यंत जातं. पाण्याचा विषय त्यात अगदी बसेल. भूजल, बोअर, पाझर तलाव असं काही घालता येईल. माझी भाची जिल्ह्याला गेली होती. तिथं परीक्षकांनी पहिला प्रश्न विचारला, "यात विज्ञान कुठं आहे?" तेव्हा तयारीनं जा.

लातूरचा विश्या

आमच्या गॅदरिंगची आठवण आली. भर दरबारात महाराजांची दाढी सुटून खाली पडली. क्रेपच्या नकली केसांची होती, चिकटवायचा स्पिरिट गम संपला म्हणून कुणीतरी खळ लावली होती. सगळी पोरं गार. तेवढ्यात प्रधान झालेला पोरगा वाकला, दोन्ही हातांनी दाढी उचलली आणि म्हणाला, "महाराज, आपण नवसाची दाढी उतरवलीत, आता राज्यात पाऊस पडंल." असल्या टाळ्या की काय सांगावं! तो पोरगा आमचा प्रमुख होता. ताई, तुमच्या लेकीला हे पण सांगा, प्रमुखाला सगळ्यांचे संवाद पाठ पाहिजेत.

पैठणकर

मी जरा वेगळं सुचवतो. सलग नाटकाऐवजी भारूड का करत नाही? नाथांच्या भारुडात जोशी, वासुदेव, गोंधळी, बहिरा, मुका अशी सोंगं आहेत. प्रत्येक सोंग आपल्या पायावर उभं असतं. एक कमी पडलं तरी बाकीची रंगतात. आमच्याकडं नाथषष्ठीला फडावरची माणसं बघा, कुणी आलं, कुणी गेलं, भारूड थांबत नाही. ती मुलगी असेल तोवर तिचं सोंग, ती गेली की दुसरं. कुणावर अन्याय नाही, आणि भाषा आपली, ठेका आपला. टाळ, मृदंग आणि एक घोंगडं एवढ्यावर भागतं.

तिसरी घंटा

@पैठणकर, भारूड जरूर करावं, पण अडचणीतून सुटका म्हणून करू नये. त्या 23 लेकरांनी आपल्या गावच्या विहिरीवर नाटक लिहिलंय. ते बाजूला ठेवायला सांगणं मला पटत नाही.

पैठणकर

तेही खरं. मग नाटकाच्या आत भारूड घाला. विहिरीवर भांडण लागतं तिथं वासुदेव येऊ द्या.

हेडसर निवृत्त

वसतिगृहाचा विचार केला का? ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना 2021 साली मंजूर झाली. 41 तालुक्यांत मुलांची 41 आणि मुलींची 41 अशी 82 वसतिगृहं, प्रत्येकात शंभर जागा. त्या मुलीचा प्रवेश झाला तर नाटक तर होईलच, तिचं नववीचं वर्षही वाचेल, आणि ते नाटकापेक्षा मोठं आहे. मी नोकरीत असताना दर दिवाळीनंतर वर्गातले बाक रिकामे होताना पाहिलेत. ती मुलं एप्रिलमध्ये परत यायची ती काळवंडून, हाताला घट्टे पडलेली. आम्ही त्यांना वरच्या वर्गात ढकलायचो. अजून डोळ्यांपुढून जात नाही.

डोंगरातली आई

सर, मॅडमनी मागच्या वर्षीच तिच्या आईला विचारलं होतं. आई म्हणाली, "पोरगी आता मोठी झाली, तिला मागं ठेवून माझा कोयता चालंल का?" मॅडम यंदा पुन्हा जाणार आहेत, वसतिगृहाची माहिती घेऊन. मी पण सोबत जाईन. सगळ्यांचं वाचतेय, लेकीला रोज रात्री वाचून दाखवतेय. पेन्सिलीची गोष्ट तिला फार आवडली.

कोपीवरचा

वाचत होतो, लिहावं की नको करत होतो.

मी केज तालुक्यातला. चौथीपासून आठवीपर्यंत आई-बापासंगं पाच हंगाम कर्नाटकात आणि कोल्हापूरकडं गेलोय. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. लेकरानं वाढं, म्हणजे उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला, गोळा करायचं, धाकट्या भावंडाला सांभाळायचं, पहाटं पाणी भरायचं. नंतर मामानं ठेवून घेतलं म्हणून शिकलो, आता नोकरी करतो.

वर सगळे चांगल्या मनानं बोललेत. पण तीन दिवस झाले, तिला काय द्यायचं, तिच्याकडून काय काढून घ्यायचं यावर आपण बोलतोय आणि तिला कुणी विचारलंय का? लेकीनं तिला विचारलं का?

आणि अजून एक. मी शाळेत असताना गॅदरिंग एकदाबी पाहिलं नाही. जानेवारीत आम्ही उसाच्या फडात. परत आल्यावर पोरं सांगायची, असं झालं तसं झालं, आम्ही ऐकायचो. माझ्या आईनं तर कुठल्याच शाळेचं गॅदरिंग पाहिलेलं नाही. आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांना कुलूप असायचं. मग जानेवारीत ते गॅदरिंग कुणासाठी व्हायचं? गावात उरलेल्या माणसांसाठी. मुद्दाम कुणी केलं असं मी म्हणत नाही. तारीख ठरवताना आम्ही कुणाच्या ध्यानात नव्हतो, एवढंच.

रोखठोक

@कोपीवरचा, तुमचं वाचून मी माझं वरचं मत मागं घेतो. मी त्या मुलीलाच अडचण समजत होतो. अडचण तारखेची आहे.

ज्वारीची भाकर

मग तारीखच अलीकडं घ्या की!

हेडसर निवृत्त

म्हणायला सोपं आहे. ऑक्टोबरात सहामाही परीक्षा, त्याआधी चाचण्या. 17 सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं ध्वजवंदन झालं की शाळा परीक्षेच्या मागं लागते. शिवाय परतीचा पाऊस. आमच्या मैदानावर एकदा मंडपासकट सगळं भिजलं होतं.

पडद्यामागे

17 सप्टेंबरलाच का नको? हैदराबाद संस्थान मुक्त झाल्याचा दिवस, गाव शाळेत जमतंच.

तिसरी घंटा

अडीच महिनेही मिळणार नाहीत, आणि ध्वजवंदनानंतर भर उन्हात पाऊण तास कोण बसेल? सोयाबीनही उभं असतं. माझ्या मते दसऱ्याच्या पुढं बघा. टोळ्या नक्की कधी निघतात?

कोपीवरचा

साखर कारखाना कधी पेटतो त्यावर. काही टोळ्या दसरा करून निघतात, बऱ्याच दिवाळीच्या तोंडावर. टोळी नेणाऱ्या मुकादमाला तारीख आधी माहीत असती. त्यानं उचल, म्हणजे आगाऊ पैसे, दिलेली असती ना. लेकीला म्हणावं, मुकादमालाच विचार.

ज्वारीची भाकर

कोजागिरी! दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी. चांदणं फुकट, पाऊस बहुतेक गेलेला, दिवसभर शेतात असलेली माणसं रात्री मोकळी. आमच्या उमरग्याकडं कोजागिरीला गाव जागतंच. मसाला दूध ग्रामपंचायतीकडून उकळा.

लातूरचा विश्या

दूध आधी दिलं तर लोक दूध पिऊन घरी जातील. नाटक संपल्यावर द्या.

हेडसर निवृत्त

कोजागिरी जमेल. परीक्षेचं वेळापत्रक मुख्याध्यापकांना दोन-चार दिवस पुढंमागं करता येतं, मी केलेलं आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव घ्या, पोलीस पाटलांना कळवून ठेवा. लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करावा लागतो, म्हणून साडेआठला पहिली घंटा द्या. पाहुण्यांची भाषणं ठेवू नका. ठेवलीच तर नाटक संपल्यावर.

गोदाकाठ

भाषणांबद्दल सरांना शंभर टक्के अनुमोदन.

डोंगरातली आई

काल लेकीनं तिला विचारलं. मधल्या सुट्टीत, हापशावर. जसं झालं तसं लिहिते.

लेक म्हणाली, "तुला म्हातारी करायचीय का?" ती म्हणाली, "करायची तर हाय." मग बराच वेळ हापसत राहिली आणि म्हणाली, "पण मी जानेवारीत नसते, तुला ठाऊक हाय. मला वाटलं तू मला सोडून दुसरीला विचारशील, म्हणून मी पाठ करायचं थांबवलं होतं." लेकीनं कोजागिरीचं सांगितलं. तिनं पहिला प्रश्न विचारला, "मग माझी आई बघंल?"

घरी येऊन लेक रडली. मला वाटलं आनंदानं रडतेय. नंतर म्हणाली, "मम्मी, पाचवीपासून एका बाकावर बसतोत आम्ही. तिच्या आईनं तिला कधीच स्टेजवर बघितलं नाही, हे मला माहीतच नव्हतं."

संध्याकाळी दोघी मिळून मुकादमाच्या घरी गेल्या. मी लांब उभी होते. त्यांची टोळी दिवाळीच्या आठ दिवस आधी निघणार, असं त्यानं सांगितलं. म्हणजे कोजागिरीला ती आहे, तिचे आई-बाप आहेत, टोळीतली बाकीची घरंही आहेत. मुकादम म्हणाला, "मला बी बोलवा."

मॅडम मुख्याध्यापकांशी बोलल्या आहेत. ते विचार करतो म्हणाले. जानेवारीच्या गॅदरिंगलाही हेच नाटक व्हावं अशी त्यांची अट दिसतेय. म्हणून तिसरी घंटा यांनी सांगितल्याप्रमाणे म्हातारीसाठी दोन नावं एका ओळीत लिहिली आहेत. दुसरी मुलगी आठवीतली आहे, आणि तिला शिकवायचं काम पहिलीनं स्वतःहून मागून घेतलंय.

तिसरी घंटा

ताई, हे शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं.

तिला एक गोष्ट सांगा. पंधरा वर्षांची मुलगी म्हातारी करते तेव्हा आवाज थरथरवते आणि कमरेत वाकते. ते करू नको म्हणा. आपल्या आजीला विहिरीवरून येताना आठ दिवस नुसतं बघ. पाऊल कुठं टाकते, थांबते कधी, पदर कुठल्या हातानं सावरते. आवाज आपोआप येईल.

हेडसर निवृत्त

नाटक झालं तरी वसतिगृहाचा पाठपुरावा सोडू नका. प्रयोगानंतर आई खुशीत असेल, तेव्हाच मॅडमनी पुन्हा विषय काढावा. कागदपत्रांत मी मदत करतो, मला संदेश पाठवा.

पडद्यामागे

लेकीनं स्वतः कोणती भूमिका घेतली?

डोंगरातली आई

एकही नाही. विंगेत वही घेऊन उभी राहणार आहे. तुमच्या मित्राची गोष्ट मी तिला वाचून दाखवली होती. ती म्हणाली, "त्या काकांनी त्यांच्या मित्राला आता तरी विचारावं."

पडद्यामागे

रविवारी जातोय त्याच्याकडं. गावातल्या पोरांच्या नाटकात एक सरदार हवाय. बघतो विचारून.

डोंगरातली आई

आता एक व्यवहाराचा प्रश्न. उघड्या मैदानात मागच्या माणसाला ऐकू कसं जाणार? मंडपवाला दोन हॅलोजन आणि दोन माइक देतो म्हणतोय. 23 लेकरं आणि दोन माइक.

लातूरचा विश्या

हातात माइक देऊ नका, घागर कुठं धरतील मग? वर आडव्या काठीला तीन माइक लटकवा, तोंडं खाली, डोक्याच्या वर दोन हात. वारा असेल तर माइकला स्पंज लावा. हॅलोजन सरळ तोंडावर मारू नका, बाजूनं तिरके लावा, नाहीतर पोरांना समोरचं काहीच दिसत नाही.

ज्वारीची भाकर

आणि स्टेज शाळेच्या भिंतीला लागून बांधा. पाठीमागं भिंत असली की आवाज पुढं येतो.

कोपीवरचा

माझ्याकडं दोन चांगले माइक आहेत, आमच्या भजनी मंडळाचे. केजवरून धारूर लांब नाही. कोजागिरीच्या दुपारी घेऊन येतो, जोडून देतो. सोबत आईला आणलं तर चालंल का?

डोंगरातली आई

पुढच्या सतरंजीवर जागा धरून ठेवते. मुक्कामालाच या.